जुनी घरगाडी पासिंगला नेताना : विदर्भातल्या मालकांचे नेहमीचे प्रश्न

शेगाव, लोणार, चिखलदरा, ताडोबा असं सहकुटुंब फिरायला सोयीची म्हणून जुन्या ट्रॅव्हलर, विंगर किंवा टाटा ४०७ वर बांधलेली, आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली घरगाडी (कॅम्पर व्हॅन) आता आपल्याकडच्या गावांतही दिसू लागली आहे. बहुतेक गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या हातातल्या, पंधरा वर्षांच्या आसपासच्या. आरटीओची तारीख जवळ आली की मालकांचे फोन सुरू होतात, आणि त्यात तेच ते प्रश्न असतात. म्हणून उत्तरं इथे एकदाच लिहून ठेवली आहेत.

माझं मत आधीच सांगतो. गाद्या, सनमायका, टीव्ही यांवर लोक लाखभर रुपये घालतात, आणि गाडी अडकते ती खालच्या किंगपिनपायी (पुढचं चाक ज्यावर वळतं तो खिळा) किंवा आरसी बुकातल्या एका रकान्यापायी. आधी कागद, मग गाडीची खालची बाजू, आणि आतलं घर सगळ्यात शेवटी.

भाऊ, घरगाडी खाजगी धरतात की कमर्शियल?

तुम्ही ती कशासाठी वापरता यावर ते ठरतं. वाहनांची वर्गवारी करणाऱ्या केंद्राच्या २००४ च्या अधिसूचनेत कॅम्पर व्हॅन दोन्हीकडे आहे. स्वतःच्या वापराची असेल तर बिगर-परिवहन, म्हणजे आपल्या भाषेत खाजगी. भाड्याने देणार असाल तर परिवहन. पांढरी पाटी लावून ताडोब्याला पर्यटकांकडून पैसे घेऊन फिरवायची, हा धंदा करू नका. अपघात झाला की विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते.

पासिंग किती वर्षांनी करावं लागतं?

खाजगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा पंधरा वर्षांची असते. पुढे गाडी दाखवून दर वेळी पाच वर्षं वाढवून मिळतात. परिवहन गाडीला फिटनेस प्रमाणपत्र लागतं. आठ वर्षांपर्यंत ते दोन-दोन वर्षांचं मिळतं, आठ वर्षांनंतर दर वर्षी.

खाजगी गाडीच्या नूतनीकरणाचा अर्ज नमुना २५ मध्ये करायचा. मुदत संपायच्या आधी साठ दिवसांपासून तो करता येतो. हे साठ दिवस अर्जाचे आहेत, दुरुस्तीचे नाहीत. दुरुस्तीला चार महिने आधी हात घाला. सोयाबीन-कापसाच्या हंगामात वेल्डरपासून डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्यापर्यंत सगळे ट्रॅक्टर-थ्रेशरच्या कामात अडकलेले असतात आणि तुमची गाडी अंगणात तशीच उभी राहते.

खर्च किती धरावा?

सरकारी शुल्क पाहा. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या खाजगी हलक्या चारचाकीच्या नूतनीकरणाला पाच हजार रुपये लागतात. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षं ओलांडलेल्या गाडीला दहा हजार. उशीर झाला तर दर महिन्याला पाचशे रुपये जादा. महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरच्या गाडीला पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो. परिवहन गाडीचं शुल्क वेगळं असतं, ते आरटीओच्या ऑनलाइन पोर्टलवर पाहून घ्या.

दुरुस्तीचा आकडा मी सांगणार नाही. गाडी खालून पाहिल्याशिवाय जो सांगतो, त्याच्या गॅरेजमध्ये गाडी लावू नका.

आम्ही मागच्या सीट काढून पलंग आणि ओटा केला. आरसीवर अजून १३ सीटच आहेत. चालेल?

नाही चालणार. आणि गाड्या सगळ्यात जास्त अडतात त्या इथेच. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीतला तपशील बदलेल असा कोणताही बदल नोंदणी प्राधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय करता येत नाही. निरीक्षक आरसी हातात घेऊन गाडीभोवती फिरतो तेव्हा तो सीट मोजतो, बॉडीचा प्रकार वाचतो, चेसिस आणि इंजिन नंबर पाहतो. कागदावर तेरा सीटची मिनीबस आणि समोर पलंग, बेसिन, अलमारी दिसली की पुढची तपासणी राहते बाजूला.

जी गाडी अजून आतून बदललेली नाही, तिचे मालक नशीबवान. त्यांनी कामाला हात लावायच्या आधी आपल्या आरटीओत जाऊन लेखी विचारावं. मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं मानक आहे. बॉडी बांधणारा त्याबद्दल ऐकून असेल तर त्याच्याशी पुढे बोला, नसेल तर चहा पिऊन उठा. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये, कंपनीच्या मूळ आराखड्याला सोडून मूलभूत बदल चालणार नाहीत असं स्पष्ट केलं आहे. म्हणून चेसिस कापून लांब करणं, छत कापून उंच करणं, मागे वेल्डिंगने खोली वाढवणं यांतलं काहीही करू नका. बोल्टने बसणारी आणि काढता येणारी आतली मांडणी एका बाजूला, सांगाडा कापणं दुसऱ्या बाजूला. या दोन गोष्टी आरटीओच्या दारात एका तागडीत येत नाहीत.

बदल आधीच झालेला असेल तर तो नोंदवून घ्यायचा अर्ज आधी करा आणि पासिंगचा नंतर. दोन्ही एका फेरीत उरकायच्या घाईने दोन्ही कामं लटकतात.

जुनी रुग्णवाहिका लिलावात स्वस्त मिळते आहे. घ्यावी का?

उंच छत, आत उभं राहायला जागा, त्यामुळे मोह होतो. पण आरसीवर ती रुग्णवाहिका असते. वर्ग बदलून घ्यावा लागतो, दिवा आणि सायरन उतरवावे लागतात, बाहेरचा रंग आणि पट्टेही. रुग्णवाहिका इंजिन चालू ठेवून तासन्‌तास उभी असते. त्यामुळे किलोमीटरचा आकडा कमी दिसतो आणि इंजिन त्या मानाने जास्त झिजलेलं असतं.

दिल्लीकडची डिझेल गाडी अर्ध्या किमतीत मिळते, ती?

दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचे आदेश आले, म्हणून तिथल्या चांगल्या दिसणाऱ्या गाड्या नागपूरपर्यंत येतात. तो नियम विदर्भात लागू नाही. पण तिथल्या आरटीओची एनओसी (नमुना २८) हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. इथे आणल्यावर महाराष्ट्राचा कर, मालकी हस्तांतर आणि एमएच नंबर ओघाने आलेच. कर्जाचा बोजा असेल तर नमुना ३५ वर बँकेची सही लागते. एवढं सगळं धरून हिशेब मांडला की अर्धी किंमत अर्धी राहत नाही.

माझं लायसन्स साध्या कारचं आहे. चालवता येईल?

गाडीचं एकूण वजन ७५०० किलोच्या आत असेल तर ती हलक्या वाहनात मोडते आणि एलएमव्ही लायसन्स चालतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने याच मर्यादेतल्या परिवहन गाड्यांनाही ते चालतं असा निकाल दिला. ट्रॅव्हलर, विंगर आरामात बसतात. ४०७ चं एकूण वजन आरसीत वाचून घ्या.

वजन वाढलंय की नाही, ते कसं कळणार?

जिनिंगच्या किंवा बाजार समितीच्या काट्यावर जा. कापसाची आवक सुरू असताना तिथे रांग असते, म्हणून दुपारी उशिरा किंवा हंगाम संपल्यावर. गाडी प्रवासाला निघताना असते तशी भरा : टाकी पाण्याने भरलेली, भांडी, गाद्या, घरची माणसं बसलेली. आधी पूर्ण गाडीचं वजन करा. मग फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. तीन चिठ्ठ्या घ्या.

आरसीतल्या एकूण वजनाशी पहिली चिठ्ठी ताडून पाहा. मागच्या चाकांची चिठ्ठी बहुतेकांना चकित करते. दोनशे लिटरची टाकी म्हणजे भरल्यावर दोनशे किलो, आणि ती लोकांनी बसवलेली असते नेमकी मागच्या ॲक्सलच्याही मागे. मग मागचे पाटे (पानांच्या स्प्रिंगा) सरळ झालेले, पुढचं टोक हलकं, आणि चिखलदऱ्याच्या घाटात स्टिअरिंग हातात सापडत नाही. टाकी दोन ॲक्सलच्या मधे आणा. शंभर लिटर पुष्कळ होतं, पाणी प्रत्येक गावात मिळतं.

मागे सायकल कॅरिअर किंवा जनरेटरची पेटी वेल्ड केली असेल तर तीही मोजा. मागच्या ॲक्सलपासून मागे लोंबणारा भाग दोन ॲक्सलमधल्या अंतराच्या ६० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. ३३५० मिलिमीटर व्हीलबेसच्या ट्रॅव्हलरला म्हणजे २०१० मिलिमीटर.

निरीक्षक खाली काय पाहतो? आम्ही घरी काय तपासू शकतो?

पुष्कळ काही, आणि त्याला फार हत्यारं लागत नाहीत. गाडी सपाट जागी घ्या, मागच्या चाकांना दगडी अडण लावा, पुढचं एक चाक जॅकवर उचलून खाली स्टँड द्या. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून कोणी खाली शिरायचं नाही.

आता चाकाला एक हात वर, एक हात खाली धरून आत-बाहेर हलवा. खटखट लागली तर घरातल्या कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खटखट थांबली तर व्हील बेअरिंग सैल आहे. ते काम स्वस्त आहे : हब खोलून ग्रीस भरणं आणि नट बसवणं. ब्रेक दाबूनही खटखट राहिली तर किंगपिन झिजलाय. त्याला लेथवाला लागतो, बुश रीम करून बसवावे लागतात, दिवस जातो. मग हात डावी-उजवीकडे धरून हलवा. तिथे ढिलाई असेल तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याचे चाकाजवळचे सांधे) पाहा.

पुढे पाटे. पान तुटलंय का ते वरून दिसत नाही. काळ्या मातीचा चिखल पानांमध्ये बसून सिमेंट झालेला असतो. आधी खालून प्रेशरने धुऊन घ्या, वाळू द्या आणि मग बॅटरीच्या उजेडात एकेक पान पाहा. यू-बोल्टजवळ बारीक तांबूस गंजाची रेघ दिसली तर तिथे पान तडकलेलं असण्याची शक्यता दाट. पाट्यांच्या टोकाचे शॅकल बुश, प्रॉपेलर शाफ्टचे (चाकांकडे फिरणाऱ्या लांब दांड्याचे) क्रॉस, त्याचं सेंटर बेअरिंग हे सगळं हाताने हलवून कळतं.

पासिंगच्या आदल्या दिवशी चेसिसला काळा रंग मारून आणू नका. ताजा रंग दिसला की निरीक्षक हातोडी मागतो.

ब्रेक लागतात तर खरे, पण गाडी एका बाजूला ओढते.

एका बाजूच्या लायनरला (ब्रेकच्या घासणाऱ्या पट्टीला) तेल किंवा ग्रीस लागलंय, नाहीतर ते दाबणारा व्हील सिलिंडर अडकतोय. दोन्ही बाजू एकत्र खोला. एकाच बाजूला नवे लायनर टाकले की ओढणं वाढतं. गाडी दहा-बारा किलोमीटर चालवून थांबवा आणि चारही ड्रमजवळ हात न लावता नुसता नेऊन पाहा. एक चाक इतरांपेक्षा तापलेलं असेल तर तिथे ब्रेक सुटत नाही.

बूस्टर म्हणजे पेडलचा जोर वाढवणारा ब्रेकचा भाग, तो तपासायची रीत सोपी आहे. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा मारा, ते कडक होईल. तसंच दाबून धरा आणि सेल्फ मारा. इंजिन सुरू होताच पेडल पायाखाली थोडं खाली बसलं पाहिजे. बसलं नाही तर बूस्टर, त्याची नळी किंवा व्हॅक्यूम पंप यांत दोष. जुन्या डिझेल गाड्यांत हा पंप बहुधा डायनामोच्या मागे असतो, म्हणून बॅटरीवाल्याकडे नेलेला डायनामो परत बसवताना नळी नीट लागली का ते पाहा.

हँडब्रेक चढावर गाडी धरतो का हेही घरीच पाहा. परिवहन गाड्यांना स्वयंचलित केंद्रात रोलरवर प्रत्येक चाकाचा ब्रेक मशीन मोजते, तिथे ‘लागतो की साहेब’ चालत नाही.

धूर काळा येतो. पीयूसीसाठी (धुराच्या प्रमाणपत्रासाठी) डिझेल पंप थोडा बंद करून घेऊ का?

करू नका. पंपाचं डिझेल कमी केलं की धूर कमी दिसतो, पण घाट चढताना गाडी दम टाकते आणि महिन्याभराने तुम्हीच पुन्हा वाढवायला जाता. आधी एअर फिल्टर पाहा. शेतरस्त्यांच्या धुळीने आणि जिनिंगच्या भागातल्या कापसाच्या तुसाने तो गच्च होतो. अर्ध्या गाड्या एवढ्यावरच सुधारतात. मग टॅपेट (व्हॉल्व्हची फट), मग नोजल (डिझेल फवारणारी तोटी) तपासणं, आणि पंपाचा नंबर शेवटी. ट्रॅव्हलरमध्ये मर्सिडीजच्या परवान्यावर इथेच बनलेलं ओएम६१६ इंजिन असेल तर सुट्या भागांची काळजी नाही, तालुक्यालाही मिळतात.

बीएस-४ (प्रदूषणाचं सरकारी मानक) च्या आधीच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज युनिट (धुराची दाटी मोजायचं एकक) आहे, बीएस-४ ला ५०. जुन्या गाडीची पीयूसी सहा महिन्यांचीच मिळते. बीएस-४ आणि पुढच्यांना वर्षभराची. तपासणीला इंजिन गरम करून न्या, थंड इंजिन जास्त धुरकतं.

टायरची नक्षी चांगली आहे, तरी बदलायचे का?

नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या वर हवी, तो झाला नियम. पण घरगाडी वर्षातले दहा महिने उभी असते. नक्षी झिजत नाही, रबर मरतं. टायरच्या कडेला चार आकडे असतात : २३१६ म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. अकोला-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्या उन्हात सहा-सात वर्षं उभ्या टायरच्या बाजूला बारीक भेगा पडतात. त्या दिसल्या की नक्षी पाहत बसू नका.

गॅस सिलिंडर ठेवता येतं का?

घरचं १४.२ किलोचं लाल सिलिंडर गाडीत बसवून फिरू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की फरशीवर साचतो, आणि पलंगाखालच्या पेटीतून त्याला बाहेर जायला वाट नसते. स्वयंपाक गाडीबाहेर, पाच किलोच्या लहान सिलिंडरवर करा. न्यायचंच असेल तर ते वेगळ्या बंद कप्प्यात, उभं बांधून, आणि त्या कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारी जाळी असली पाहिजे. नळी आयएसआय छापाची, पाच वर्षांच्या आतली. सिलिंडरच्या कड्यावर ‘सी-२७’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे जुलै-सप्टेंबर २०२७ मध्ये त्याची चाचणी द्यायची आहे. तारीख उलटलेलं घेऊ नका.

पासिंगच्या दिवशी सिलिंडर घरीच ठेवा.

इंडक्शनचा विचार बरेच जण करतात. दोन हजार वॅटची शेगडी १२ व्होल्टच्या बॅटरीतून दीडशे अँपिअरहून जास्त ओढते. इन्व्हर्टरची १५० एएचची लेड-ॲसिड बॅटरी त्यावर थोड्याच वेळात मान टाकेल.

वायरिंगमध्ये काय पाहतात?

बाहेरचे सगळे दिवे : हेडलाइट, इंडिकेटर, ब्रेक, रिव्हर्स, नंबर प्लेट. हेडलाइटचा झोत गोदामाच्या भिंतीवर टाकून दोन्ही बाजू सारख्या उंचीवर आहेत का पाहा. रंगीत बल्ब, संगीत वाजवणारा हॉर्न, बंपरपुढची लोखंडी जाळी (बुल गार्ड), काचेवरची काळी फिल्म हे सगळं उतरवा. नंबर प्लेट एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) हवी. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांनाही ती लागते.

आतल्या वायरिंगमध्ये मला भीती वाटते ती उंदरांची. गोठ्याशेजारी गाडी उभी असेल, त्यात पोह्याचा एक दाणा सांडलेला असेल, तर दिवाळीपर्यंत वायरी सोललेल्या असतात. घरच्या बॅटरीची जाड वायर बॅटरीपासून वीतभर अंतरातच फ्यूजवर आली पाहिजे. २३० व्होल्ट आणि १२ व्होल्टच्या वायरी एका पाइपात घालू नका. एबीसी पावडरचं दोन किलोचं अग्निशामक दाराशी अडकवा, पलंगाखाली नाही.

छत गळतं. त्यावर नापास करतील?

सहसा नाही. पण गळतीचं पाणी भिंतीतून उतरून फ्लोअरच्या क्रॉस मेंबरला (खालच्या आडव्या तुळईला) गंज लावतं, आणि त्यावर मात्र करतील. नेमकं कुठून गळतं ते शोधायला फवारणीचा नवा, औषध न लागलेला पंप घ्या. एकजण आत बसवा आणि बाहेरून सांध्यांवर खालून वर हळूहळू पाणी मारत जा. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळून सगळीकडे लागतं आणि भोक कळत नाही. जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडून काढल्यावरच नवं भरा.

काम कुठे करावं, गावात की नागपुरात?

ब्रेक, पाटे, किंगपिन, पंप ही कामं तालुक्याचा जुना मिस्त्री उत्तम करतो, त्याने या गाड्या काळीपिवळीच्या काळापासून खोलल्या आहेत. फायबर, काचा आणि बॉडीचं काम मात्र नागपूर-अमरावतीला न्या. बदललेले जुने भाग परत मागून घ्या आणि पक्कं बिल घ्या.

एजंट लावावा का?

अर्ज, शुल्क आणि तारीख ऑनलाइन होते. गाडी तर तुम्हालाच न्यायची आहे. एजंटला द्यायच्या पैशात टाय रॉड एंड येतात.

नापास झाली तर?

कारणं लेखी मागा. तेवढी दुरुस्ती करून गाडी पुन्हा दाखवता येते. मधल्या काळात मुदत संपली असेल तर ती घेऊन फिरायला निघू नका. नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर आणणं कायद्याने चूक, आणि विमा कंपनीला दावा नाकारायला आयतं कारण.

त्या दिवशी सोबत काय न्यावं?

मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, नमुना २५, शुल्काच्या आणि पर्यावरण कराच्या पावत्या, काट्याच्या चिठ्ठ्या, बदलाची परवानगी असेल तर ती. चेसिस नंबर जिथे कोरलाय ती जागा आधीच पॉलिश पेपरने घासून स्वच्छ करा, पेन्सिलने छाप घ्यावी लागते आणि मातीखाली तो सापडत नाही. गाडी आतून रिकामी न्या. आणि शक्यतो सकाळची वेळ घ्या, दुपारी आरटीओच्या मैदानात उभं राहवत नाही.